वाळक्या फांदीचं काय करायचं?

मे महिन्याच्या सुरुवातीला आमच्या कॉलनीत छाटणीची गाडी आली. सोलापुरात विजापूर रोडला लागून असलेल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक कडुलिंब आहे, कॉलनीहून जुना. त्याची रस्त्याकडची एक जाड फांदी गेली काही वर्षं वाळत चालली होती. साल सुटून पडलेली, आतलं लाकूड करडं झालेलं, टोकाला पान नाही. तिच्याच खाली सकाळी भाजीवाल्या मावशी बसतात आणि दुपारी रिक्षावाले गाडी लावून घटकाभर डोळा लावतात. एप्रिलात वळवाचं वारं सुटलं तेव्हा त्या फांदीचा हातभर तुकडा मावशींच्या टोपलीशेजारी येऊन आदळला. मग फांदी काढायचं सगळ्यांनी मिळून ठरवलं, रीतसर अर्ज गेला, रीतसर माणसं आली. मी आदल्या आठवड्यात सेक्रेटरीकाकांना म्हटलं होतं की त्या फांदीत सुतार पक्ष्याची जोडी आहे, जूनपर्यंत थांबता येईल का. काका शांतपणे म्हणाले, "ताई, जूनच्या आधीच तर वारं सुटतंय. मावशींच्या डोक्यात पडली म्हणजे?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

शिडीवरच्या पोरानं करवत लावली, खालच्यानं दोर ताणून धरला, आणि फांदी अगदी बेतानं, कुणाला न लागता रस्त्यावर उतरली. पलीकडच्या वस्तीतल्या दोघी बायका जळणासाठी थांबल्याच होत्या. त्यातल्या एकीनं मधला ओंडका उचलला आणि कानाशी नेऊन हलवला. "आत कायतरी हाय की ओ." फांदीच्या खालच्या अंगाला एक गोल भोक होतं, कडा इतकी साफ की कुणी मापानं पाडलंय असं वाटावं. तिनं ओंडका उपडा केला तशा मूठभर ढलप्या बाहेर आल्या, आणि त्यांना चिकटून एक फुटलेलं पांढरं अंडं. बलक ढलप्यांत मुरत होता. दुसरं अंडं आतच फुटलेलं असावं, भोकाच्या कडेला ओल दिसत होती. उन्हानं तापलेल्या डांबरावर मुंग्या यायला वेळ लागला नाही. शिडीवरचा पोरगा खाली उतरून बघायला आला. त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं. पण त्यानं जे विचारलं ते त्यानं अगदी मनापासून विचारलं, मला खिजवायला नाही. "पण ताई, वाळकी फांदी ठेवून तरी काय करणार ओ?"

त्या सकाळी तिथे कुणीच चुकीचं बोललं नव्हतं, आणि मला तेच छळत राहिलं.

ती जोडी मराठा सुताराची. सुतार पक्षी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो तो सोनपाठी: पाठ सोन्यासारखी पिवळी, डोक्यावर लाल तुरा, मैनेपेक्षा मोठा, आणि हसल्यासारखा ओरडत एका झाडावरून दुसऱ्यावर लाटा घेत जाणारा. तो सोलापुरातही आहे, आणि तो आला की न बघणाऱ्यालाही कळतं. मराठा सुतार त्याच्या मानानं फारच गुपचूप. बुलबुलाहून जरा लहान, सतरा-अठरा सेंटिमीटरचा. पाठ काळपट आणि तिच्यावर पांढरे ठिपके, छाती मळकट पांढरी आणि तिच्यावर तपकिरी रेघा. माथा पिवळसर, नराच्या माथ्याच्या मागच्या भागावर लाल पट्टा, मादीला तो नाही. पोटावर मधोमध एक लाल डाग असतो, पण पक्षी खोडाला पोट लावूनच बसत असल्यामुळे तो क्वचित दिसतो. वाळक्या लाकडाच्या रंगात हा पक्षी इतका मिसळून जातो की मला तो बहुतेक वेळा आधी ऐकू येतो. आधी एक तीक्ष्ण 'क्लिक', मग पाठोपाठ भरभर सुटलेली 'र्‍र्‍र्‍'. ती ऐकल्यावर फांदीवर नजर ठेवून उभं राहायचं. जरा वेळानं करड्या सालीचा एक तुकडा सरकतो आणि मग कळतं की ते सालपट नव्हतं. 1801 साली जॉन लॅथम या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञानं त्याचं वर्णन करताना शास्त्रीय नावात आपल्या मुलखाचं नाव घातलं, ते आजही तसंच आहे. भारतभर कोरड्या, विरळ झाडीच्या भागात तो सापडतो. घनदाट ओलं जंगल त्याला मानवत नाही. बाभूळ, लिंब, बोर, बांधावरची एकटी झाडं, गावकुसाची आमराई हे त्याचं जग. म्हणजे आपला सगळा सोलापूर जिल्हा.

शहराच्या पूर्व भागात माझी मावशी राहायची. तिथे दिवसभर लूमचा आवाज. पहिल्यांदा गेलेल्या माणसाला बोलताही येऊ नये असा, आणि राहणाऱ्याला ऐकूच येऊ नये असा. लूम बंद असायचे त्या दिवशी मात्र मावशीच्या माडीवर बसलं की मागच्या बोळातल्या शेवग्यावर ठोके ऐकू यायचे. हलके, मधेच थांबणारे. मावशीच्या शेजारच्या तेलुगू अम्मा दोरा गुंडाळताना हात थांबवून म्हणायच्या, "आला बघ." त्यांनी तो पक्षी नीट पाहिला होता की नाही कुणास ठाऊक. पण त्यांना तो ठोक्यावरून माहीत होता, आणि तो आला याचा त्यांना आनंद व्हायचा. माझ्या लहानपणच्या सोलापुरात अशी ओळख पुष्कळांची होती. दूध घालणाऱ्याला, देवळातल्या पुजाऱ्याला, उन्हाळ्यात माळवदावर झोपणाऱ्या प्रत्येकाला चार-दोन पक्षी आवाजावरून ठाऊक असत.

आमचं गाव मंगळवेढ्याकडचं. काळी जमीन, ज्वारीचं रान, नजर जाईल तिथवर झाड नाही. असलंच तर बांधावर. सुट्टीत गावी गेलं की मी सुतारतात्यांच्या मेटावर पडीक असायची. तात्या बाभळीपासून औताचं सामान करायचे. लाकूड घ्यायच्या आधी ते वाकसाच्या पाठीनं ओंडक्यावर टकटक करत वरपासून खालपर्यंत जायचे. एका जागी आवाज बदलायचा. मला तो बदल ऐकूच यायचा नाही. तात्या तिथे खडूनं फुली मारायचे आणि म्हणायचे, "इथं आत पोकळ आहे, किडीनं खाल्लंय." कापल्यावर नेमकी तिथेच भुंग्याची वाट निघायची, पिवळ्या भुशानं भरलेली. पुढे कितीतरी वर्षांनी कंबर तलावाच्या काठाला एका बाभळीवर मराठा सुतार बघत उभी होते, तेव्हा मला तात्यांचा हात दिसला. पक्षी खोडावर सरकत होता आणि चोचीनं हलके ठोके देत होता. नुसते चाचपणीचे ठोके, खोदायचे नव्हेत. एका जागी थांबला, मान एका बाजूला कलती केली, पुन्हा त्याच जागी दोन ठोके दिले, आणि मग जोर लावला. सालीचं सालपट उडालं, त्यानं जीभ आत घातली आणि एक पांढरी अळी ओढून काढली. ती बाहेर येताना किंचित ताणली गेली, मग सुटली. हे सगळं माझ्यापासून आठ-दहा फुटांवर चाललं होतं आणि त्याला माझं काही देणंघेणं नव्हतं.

ती जीभ म्हणजे एक नवल आहे. तिचा आधार असलेली नाजूक हाडं जबड्याखालून निघून कवटीच्या मागून वळसा घेतात आणि डोक्यावरून पुढे कपाळापर्यंत येतात, म्हणून ती एवढी लांब बाहेर पडते. टोकाला बारीक काटे असतात, वर चिकट लाळ, त्यामुळे अळी सुटत नाही. दोन बोटं पुढे आणि दोन मागे, शेपटीची पिसं ताठ, तिच्यावर टेकून तो उभ्या खोडावर बसल्यासारखा बसतो. एवढे ठोके मारून त्याचं डोकं कसं फुटत नाही, हे मुलं हमखास विचारतात. त्याची कवटी धक्का शोषून घेते असं उत्तर आपण सगळेच वर्षानुवर्षं ऐकत आलो. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यानं सुतारांचे ठोके टिपून पाहिले, तेव्हा तसं काही आढळलं नाही. डोकं अख्खं कडक राहतं, धक्का शोषला तर ठोक्याचा जोरच वाया जाईल. मेंदू मुळात इतका लहान आहे की तेवढ्या धक्क्यानं त्याला इजा होत नाही. मला हे उत्तर जास्त आवडलं. जोर वाया न घालवणं हे त्याच्या सबंध अंगात भिनलंय.

आणि म्हणूनच त्याला वाळकी फांदी लागते. जिवंत बाभळीचा गाभा काय असतो ते तात्यांना विचारावं. पटाशी फिरते, पण लाकूड हलत नाही. एवढासा पक्षी त्यात घर कोरू शकत नाही. झाडाची फांदी मरते, तिच्यात बुरशी शिरते, वर्षा-दोन वर्षांत लाकूड आतून भुसभुशीत होतं आणि बाहेरून मात्र उभं राहण्याइतपत धड असतं. त्या अवस्थेतली फांदी त्याला हवी असते. फार ताजी चालत नाही, फार कुजकी चालत नाही. नर-मादी दोघं मिळून भोक पाडतात, बहुतेकदा फांदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाऊस आत जाऊ नये. आत पिसं नाहीत, गवत नाही. कोरताना पडलेल्या ढलप्यांवरच साधारण तीन पांढरी अंडी. फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत त्यांचा विणीचा काळ, त्यात मार्च-एप्रिल ऐन भराचा. आता हा काळ आपल्या छाटणीच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. वळीव येण्याआधी, पावसाळा लागण्याआधी, वीजवाहिन्या मोकळ्या करायला शहरभर करवती फिरतात त्या एप्रिल-मे मध्येच. आणि करवतीखाली पहिल्यांदा जाते ती वाळकी फांदी. हिरवी फांदी तोडताना चार माणसं विचारतात, वाळकी तोडताना सगळे शाबासकी देतात.

एका घराचा हा प्रश्न नसतो. बहुतेक सुतार दर हंगामाला नवं घर कोरतात, जुनं सोडून देतात. त्या सोडलेल्या घरांवर केवढा संसार उभा असतो! दयाळ, ब्राह्मणी मैना, आणि भोक मोठं असेल तर पोपट आणि पिंगळासुद्धा. यांतल्या एकालाही स्वतःला लाकूड कोरता येत नाही. जुनी झाडं आपोआप पोकळ होतात, पण शहरात तेवढं जुनं होऊ कोण देतं? रानात पिवळ्या गळ्याची एक साधीशी चिमणी असते. लहानपणी सलीम अलींनी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेली आणि कुतूहलानं हातात घेऊन विचारायला गेलेली चिमणी ती हीच. तिथून त्यांचं पक्ष्यांचं आयुष्य सुरू झालं. तीही झाडाच्या भोकात घरटं करते, सुतारानं किंवा तांबट पक्ष्यानं सोडलेल्या बिळात. आपल्या सोलापूरचे मारुती चितमपल्ली 5 नोव्हेंबरचे आणि सलीम अली 12 नोव्हेंबरचे, म्हणून महाराष्ट्रात तो आठवडा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. शाळेशाळेत पाण्याची भांडी टांगतात, खोक्याची घरटी लावतात. चांगलंच आहे. त्याच आठवड्यात प्रत्येक शाळेनं आपल्या आवारातल्या झाडांवरची भोकं मोजून ठेवली, तर मला अधिक आनंद होईल. पानं झडायला लागण्याच्या सुमाराला ती दिसायलाही लागतात.

सोलापुरात पक्षी वाचवायचा म्हटलं की नाव निघतं माळढोकाचं, आणि ते निघालंच पाहिजे. नान्नजचं अभयारण्य 1979 चं. एका पक्ष्यासाठी या जिल्ह्यानं केवढी भांडणं, केवढे नकाशे, केवढ्या बैठका पाहिल्या! कागदावर ते आधी 8 हजार चौरस किलोमीटरच्या वर होतं, पुढे सव्वाबाराशेच्या आसपास आणलं गेलं. आणि इतकं होऊनही माळढोक हातातून निसटत गेला. मराठा सुताराच्या वाट्याला यातलं काही नाही. जागतिक यादीत तो 'चिंतेचं कारण नाही' या रकान्यात आहे. त्याचा पसारा मोठा आहे, तो भारतभर सापडतो, त्यामुळे तो रकाना बरोबरच आहे. माझं म्हणणं त्या यादीशी नाही. माझं म्हणणं आहे की एखादा पक्षी देशात टिकून असतो आणि तरीही एकेका गल्लीतून, एकेका शिवारातून जात राहतो. त्याची कुठे बातमी होत नाही. गल्लीतल्या लोकांनाही तो गेल्याचं कळत नाही, कारण तो होता हेच ठाऊक नसतं.

कायदा तरी काय म्हणतो ते मी काढून वाचलं. शहरांतल्या झाडांसाठी आपल्याकडे 1975 चा कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानलं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट घातली. वाचून बरं वाटलं. पण झाड वाळलेलं, रोगट किंवा धोक्याचं असेल तर परवानगी नाकारायची नाही, हेही त्यात आहे. माणसाच्या जिवाचा प्रश्न असताना कायदा दुसरं काय म्हणणार? तरी तिथे माझं मन अडकलं. झाडाच्या वयाइतकी रोपं लावता येतात; वाळकी फांदी काही लावता येत नाही. आज लावलेल्या रोपाला तशी फांदी यायला माझं उरलेलं आयुष्य जाईल, तेही त्या रोपाला एवढं वाढू दिलं तर. आणि रोपंही आपण कसली लावतो? भराभर हिरवं दिसावं म्हणून ग्लिरिसिडिया, फोटोत छान दिसावं म्हणून गुलमोहर. बाभूळ लावा म्हटलं की लोक काट्यांची तक्रार सांगतात.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पक्ष्याच्या प्रेमात माणूस भलतंच मागायला लागतो. सुतारासाठी माळावर झाडं लावा असं मी कधीही म्हणणार नाही. नान्नजसारखा माळ हा माळच राहायला हवा. गवताच्या रानात खड्डे खणून रोपं लावणं म्हणजे धाविक, चंडोल, ससे, लांडगे आणि उरलासुरला माळढोक यांचं घर मोडणं. सुतारासाठी नवी जागा नकोच आहे. त्याची जागा आधीपासून आहे: बांधावर, ओढ्याच्या काठाला, तलावाच्या भरावावर, गावठाणात, स्मशानात, शाळेच्या मागच्या कोपऱ्यात. तिथलं जे उभं आहे ते उभं राहू द्यायचं, एवढंच. पण नेमकं तेच जातंय. रस्ते चारपदरी झाले तसे कडेचे वड-लिंब गेले. बांध कोरून कोरून वीतभर उरले तशा बांधावरच्या बाभळी गेल्या. उसाला सावली नको म्हणून काही गेल्या, वाटणीच्या भांडणात काही गेल्या.

आणि चूल. त्या दिवशी ओंडका नेणाऱ्या बायकांना मी काय सांगायला हवं होतं? माझी आज्जी बाभळीच्या काटक्यांवर भाकरी भाजायची. वाळकं लाकूड दिसलं की तिचा हात आपोआप खाली जायचा, आमच्याबरोबर देवाला निघालेली असली तरी. सिलिंडर घरात असूनही भरून आणायला पैसे नसले की आजही चूल पेटते, आणि तिला वाळकंच लाकूड लागतं. त्या बाईनं फुटलेलं अंडं पाहिलं तेव्हा तीच आधी "अरारा" म्हणाली. मग ढलप्या झटकून तिनं ओंडका डोक्यावर घेतला. मी तिच्या जागी असते तरी तेच केलं असतं. एका पक्ष्याचं घर आणि एका घराची चूल एकाच फांदीवर आहेत, आणि दोघांपैकी कुणाचीही गरज खोटी नाही. या गोष्टीला सोपं उत्तर आहे असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

मनाला उभारी मिळाली ती फार लांबच्या गोष्टीनं. अमेरिकेच्या दक्षिण-पूर्वेला पाइनच्या रानात रेड-कॉकेडेड वुडपेकर नावाचा छोटा सुतार राहतो. तो घर कोरतो ते जिवंत, म्हाताऱ्या पाइनमध्ये, ज्याचा गाभा बुरशीनं मऊ केलाय अशा. एकेक घर पुरं व्हायला वर्षं जातात. जुनी पाइनं तोडली गेली तसा तो संपत आला. 1989 च्या सप्टेंबरात 'ह्युगो' वादळ आलं आणि दक्षिण कॅरोलायनातल्या फ्रान्सिस मॅरियन जंगलात त्याच्या घरांची बहुतेक झाडं एका रात्रीत आडवी झाली. तेव्हा तिथल्या लोकांनी उभ्या राहिलेल्या झाडांवर शिड्या लावल्या, यांत्रिक करवतीनं खोडात चौकोनी खाच पाडली, आणि आत तयार भोकाचा लाकडी ठोकळा बसवला. पक्षी त्यात राहायला आले. ही रीत पुढे सगळीकडे वापरली गेली आणि 2024 च्या ऑक्टोबरात तो पक्षी 'संकटग्रस्त' यादीतून एक पायरी वर, कमी धोक्याच्या यादीत आला. हे वाचताना मला सारखं वाटत होतं की करवत तीच, शिडीही तीच. तिथेही शिडीवर असाच कुणी हुन्नरी हाताचा पोरगा चढला असणार. फक्त त्याला वर चढायच्या आधी कुणीतरी सांगितलं होतं की काय बघायचं.

आपल्याला तर खाचाही पाडायच्या नाहीत. मराठा सुतार स्वतः कोरायला तयार आहे. छाटणी नोव्हेंबर ते जानेवारीत उरकायची. तेव्हा घरटी रिकामी असतात, सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या आधी रस्ते साफ होतात आणि पुढच्या वळवापर्यंत धोकाही उरत नाही. रस्त्यावर, तारेवर, माणसांच्या डोक्यावर येणारी फांदी काढायचीच, पण मुळापासून साफ न करता खोडाकडचा पाच-सहा फुटांचा खुंट ठेवायचा. आखूड खुंट सहसा मोडून पडत नाही, आणि सुताराला तेवढा पुरतो. करवत लावायच्या आधी फांदी खालून एकदा बघायची: गोल भोक, खाली पडलेल्या ताज्या ढलप्या. त्या ढलप्या फार बोलक्या असतात. जमिनीवर पिवळसर, कोरड्या, नखाएवढ्या ढलप्यांचा सडा दिसला तर वर काम चालू आहे. आणि जिथे कुणी बसत-उठत नाही तिथलं वाळलेलं झाड तसंच सोडायचं. सरकारी रोपवाटिका नको, निधी नको, उद्घाटन नको.

कॉलनीच्या जूनच्या मीटिंगमध्ये मी हे सगळं मांडलं. पार्किंगच्या भांडणानंतर माझी पाळी आली तोवर निम्मे लोक चपला शोधत होते. तरी सेक्रेटरीकाकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. फाटकाजवळचं काही ठेवायचं नाही यावर ते ठाम होते, आणि माझंही तेच म्हणणं होतं. मागच्या ओपन स्पेसमध्ये एक बाभूळ अर्धी वाळलीय, तिला हात लावायचा नाही हे मंजूर झालं. भोवती तारेचं कुंपण मात्र मी करून द्यायचं, पोरं खाली क्रिकेट खेळतात. छाटणीचा अर्ज यापुढे दिवाळीनंतर लगेच द्यायचा हेही वहीत लिहून घेतलं गेलं. वीजवाहिन्यांच्या छाटणीचं वेळापत्रक आमच्या हातात नाही. त्यासाठी आसपासच्या कॉलन्यांनी मिळून एक निवेदन द्यावं असं ठरलंय, त्याचा मजकूर मी लिहिलाय आणि सध्या सह्या गोळा करतेय. शिडीवरच्या पोराचा नंबर मी भाजीवाल्या मावशींकडून मिळवला. भोक कसं ओळखायचं ते त्याला फोनवर सांगितलं, फोटो पाठवले. तो म्हणाला, असली भोकं त्यानं पुष्कळ पाहिलीत, पण ती किड्यांची असतील असं वाटायचं. गेल्या महिन्यात त्यानंच मला एक फोटो पाठवला, होटगी रोडच्या एका लिंबाचा, खाली प्रश्नचिन्ह टाकून. ते सुताराचंच घर होतं, जुनं, आणि त्यात पिंगळा बसलेला होता.

गावाकडचं अजून जमलेलं नाही. आमच्या रानाच्या पश्चिमेच्या बांधावर एक लिंब उभ्याउभ्या वाळलाय. भाऊ म्हणतो, राहू दे की, मला काही अडचण नाही. पण तो बांध सामायिक आहे आणि लिंब निम्मा चुलत्यांचा. त्यांना तो तोडून त्याच्या फळ्या काढायच्यात, गोठ्याच्या दारासाठी. नुसतं "पक्षी राहतात" म्हणून ते ऐकणार नाहीत आणि त्यांनी का ऐकावं? दाराला फळ्या लागतात हे खरंच आहे. म्हणून मी लाकडाच्या अड्ड्यावर जाऊन दाराच्या फळ्यांचा भाव काढून आणलाय. दिवाळीला गावी जाईन तेव्हा चुलत्यांशी मीच बोलणार आहे: दाराचं लाकूड माझ्याकडून, लिंब बांधावर राहू द्या.